‘जाता जाता जरा बघून जा’: दिवसभर फिरूनही धंदा वाढत नसेल तर काय तपासावं

गोव्यातल्या फोंड्यात माझं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. मी, भाचा आणि दोन पोरं. एक व्हॅन, दोन स्कूटर. फोन आणि हिशोब बायको बघते. मार्च ते मे आमचे जेवणाचे वांधे होतात, पावसात जरा उसंत मिळते, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की हॉटेलवाल्यांची सर्व्हिसिंगची घाई सुरू होते आणि मग ऑक्टोबरपासून पुन्हा सिझन.

हे लिहितोय ते एका दुखण्याबद्दल. आम्हाला ते चार-पाच वर्षं दर उन्हाळ्यात व्हायचं, आणि फॅब्रिकेशनवाले, प्लंबर, इन्व्हर्टरवाले, अगदी माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या छताचं) सामान पोचवणारे ओळखीचे लोकही हेच सांगतात. सकाळी आठला गाडी निघते, रात्री नऊला परत येते. सगळे दमलेले. आणि महिनाअखेरीला गल्ल्यात मागच्या वर्षी होते तेवढेच पैसे.

मी आधी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. पहिल्या वर्षी एक माणूस वाढवला. त्याचा पगार आणि पेट्रोल निघालं, वर काही राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी सर्व्हिसिंगचा दर कमी केला. फोन दुप्पट झाले, दमणूकही दुप्पट. तिसऱ्या वर्षी भाच्याने मोबाईलवर जाहिरात टाकली. कांदोळी, हरमल, काणकोण इथून फोन यायला लागले. फोंड्याहून काणकोणला जाऊन एका एसीचा फिल्टर धुऊन यायचं म्हणजे काय, ते आमच्या व्हॅनला विचारा.

आता मागे वळून बघितलं की हसू येतं. एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरायचा, महिन्याने पुन्हा थंड करत नाही म्हणून पुन्हा भरायचा, आणि गळती कुठे आहे ते शोधायचंच नाही. ग्राहकाच्या घरी असं काम करणाऱ्या मेकॅनिकला मी शिव्या घालतो, आणि स्वतःच्या दुकानात तेच करत होतो.

तपासणी: एक वही, चौदा दिवस

मे महिन्यात बायकोने शंभर पानी वही आणून तिघांच्या हातात कोऱ्या पट्ट्या दिल्या. गाडी निघाली की एक ओळ. कुठे, किती वाजता निघालो, किती वाजता मोकळे झालो, पैसे मिळाले का. आणि शेवटचा रकाना, जो तिचाच: ‘याच कामासाठी आधी गेलो होतो का?’

पोरांनी कुरकुर केली. मीही केली, मनातल्या मनात. पण या शेवटच्या रकान्यानेच सगळं उघडं पाडलं, म्हणून तुम्ही वही केलीत तर बाकीचे रकाने हवे तर गाळा, हा गाळू नका.

चौदा दिवसांत सगळ्यांच्या मिळून ११८ फेऱ्या झाल्या. त्यात बिल झालेली कामं ५०. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गेलेल्या फेऱ्या ३७. नुसतं ‘बघून’ आलो, पैसे शून्य, अशा २२. वसुलीसाठी ९.

बायको म्हणाली, “म्हणजे पन्नास कामांसाठी एकशे अठरा वेळा गाडी काढली.”

मी तिला सांगायला गेलो की हा धंदाच असा आहे. तिने वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, त्या ३७ चं काय ते आधी सांगा.

३७ उलगडल्या. १६ वेळा पार्ट जवळ नव्हता. ११ वेळा आमचीच दुरुस्ती परत आली होती. ६ वेळा घर बंद. ४ वेळा शिडी आखूड, आउटडोअर युनिट भलत्याच ठिकाणी, असले प्रकार. यातलं एकही काम ग्राहकाने आमच्यावर लादलेलं नव्हतं. घर बंद असणंसुद्धा नाही, कारण निघण्याआधी फोन आम्हीच केला नव्हता.

टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरने वाया जाणाऱ्या कामाचे सात प्रकार सांगितले होते. वाट बघणं, विनाकारण ने-आण, गरजेपेक्षा जास्त साठा, चुकलेलं काम पुन्हा करणं वगैरे. मोटारी बनवणारा माणूस, पण आमच्या व्हॅनमध्ये बसून लिहिल्यासारखी यादी आहे. माझ्या हिशोबात चुकलेलं काम पुन्हा करणं हा त्यातला सगळ्यात महाग प्रकार. त्यात पेट्रोल जातं, वेळ जातो, आणि ग्राहकही नाराज होतो.

फोनवरच अर्धं काम

आमच्याकडे वाक्य ठरलेलं असतं: “वतना मातशें पळोवन वच रे.” जाता जाता जरा बघून जा. सांगणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरंच वाटतं की आपण त्या रस्त्याने जातोच आहोत. पण जाता जाता बघायला थांबलं की पाऊण तास मोडतो, आणि पुढचा ग्राहक ताटकळतो.

आता फोन आला की बायको पत्ता शेवटी विचारते. आधी हे विचारते: बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो का? रिमोट ‘कूल’वर आहे की चुकून ‘ड्राय’ किंवा ‘फॅन’वर? जाळी शेवटची कधी धुतली? पाणी आत गळतंय का? डिस्प्लेवर काही अक्षरं-आकडे दिसतात का? आणि बाहेरच्या युनिटवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा.

या फोटोने आमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. त्यावर मॉडेल कळतं, गॅस कुठला ते कळतं, तो किती ग्रॅम भरायचा तेही असतं. एसी इन्व्हर्टरचा (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा) आहे की साधा ते कळलं की पिशवीत काय घालायचं ते ठरतं. साध्या एसीत पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर घुं करून बंद पडतोय, तर बहुतेक वेळा कॉम्प्रेसर सुरू करून देणारा कपॅसिटर गेलेला असतो. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरला तसा कपॅसिटर नसतो. तिथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बघावा लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कमी-जास्त होऊन बोर्ड जळतात, आणि पालींनाही तिथलीच ऊब लागते. अशा ठिकाणी कपॅसिटर घेऊन जाणं म्हणजे गणपतीला जाताना माटोळीचं सामान घरी विसरणं.

जाळी धुतल्यावर किंवा रिमोटचं बटण दाबल्यावर जे एसी फोनवरच सुरू झाले, त्यांचे पैसे आम्ही घेत नाही. भाच्याला हे पटत नव्हतं. पण तीच माणसं पुढे सर्व्हिसिंगला आमच्याकडेच येतात. फुकटची फेरी आणि फुकटचा सल्ला यात फरक आहे. सल्ला दोन मिनिटांत आटपतो.

बाकीच्यांना बघण्याचे साडेतीनशे. काम केलं तर बिलातून वजा. हे सांगताना पहिले पंधरा दिवस माझी जीभ अडखळायची. आमच्या वाड्यावरच्या एका काकूंनी तर ऐकवलंच.

“अरे, तुझ्या आजीबरोबर मी नदीवर कपडे धुतलेत.”

“म्हणूनच आधी सांगतोय काकू. मागाहून सांगितलं असतं तर तुम्हीच बोलला असता.”

काकूंनी दिले साडेतीनशे. चहाही दिला. गावात असे पैसे मागितले की माणसं तुटतात असं मला वाटायचं. तुटली ती तीन-चार, आणि ती आधीही वेळेवर पैसे देत नव्हती.

पिशवी

पार्ट नाही म्हणून झालेल्या सोळा फेऱ्यांतल्या बाराला चार-पाच प्रकारचेच पार्ट लागले होते: कपॅसिटर, पंख्याची मोटर, फ्लेअर नट, ड्रेन पाइप, इनडोअरचा सेन्सर. सगळ्यांची किंमत मिळून एका चांगल्या मोबाईलपेक्षा कमी. आता तिन्ही पिशव्यांत हे कायम असतं आणि रात्री दुकान बंद करताना वापरलेलं भरून ठेवतात. यापेक्षा जास्त साठा करू नका. मी हौसेने बोर्डही आणून ठेवले होते. मॉडेलं बदलली आणि त्यातले चार आजही फळीवर धूळ खात पडलेत.

परत येणारी दुरुस्ती: खरी गळती इथेच

आता मुख्य मुद्दा. परत आलेल्या अकरा कामांतली सात गॅसची होती.

आमच्या धंद्यात ‘गॅस भरून देतो’ हे सगळ्यात सोपं वाक्य आहे. अर्ध्या तासात काम होतं, एसी गार होतो, ग्राहक खूश. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. किनाऱ्यावर तर बघायलाच नको: कळंगुट, कोलवा, बाणावली, जिथे खारा वारा थेट आउटडोअरवर येतो, तिथे कॉइल आणि जोड खराब व्हायला वेळ लागत नाही. गळती तशीच ठेवून गॅस भरला की तो फोन तीन आठवड्यांनी परत येणार, आणि त्या वेळी आपण पैसे मागू शकत नाही.

आता नियम असा की गॅस कमी सापडला तर नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून गळती शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही. (नायट्रोजनच. कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर वापरताना दिसला तर त्याच्यापासून लांब उभे राहा. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो.) गळती बंद केली, व्हॅक्यूम पंप लावला, मग स्टिकरवरच्या वजनाप्रमाणे काट्यावर मोजून गॅस. याला अडीच-तीन तास लागतात आणि त्याचे पैसे जास्त होतात. ग्राहकाला आधीच सांगतो: नीट केलं तर इतके, नुसता गॅस भरायचा असेल तर दुसऱ्याला बोलवा. पहिल्या महिन्यात पाच जणांनी दुसऱ्याला बोलावलं. त्यातले दोघे पावसाच्या आधीच परत आले.

याच कारणाने आर-२२ गॅसवरचे जुनाट एसी आम्ही सोडले. हा गॅस ओझोनच्या थरासाठी घातक म्हणून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे भारतातही २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय. दहा-बारा वर्षांच्या एसीत तो भरत राहणं म्हणजे दर उन्हाळ्याला एक फुकटची फेरी राखून ठेवणं. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून ‘नवा घ्या’ म्हणणंही सोपं झालंय. नवा बसवण्याचं काम बऱ्याचदा आम्हालाच मिळतं.

म्हणजे झालं काय, की एका कामाला वेळ जास्त द्यायला लागलो आणि एकूण कामाचा वेळ कमी झाला. मला हे कागदावर पटत नव्हतं. वहीत दिसलं तेव्हा पटलं.

रस्ते आणि वार

गोवा छोटा आहे, असं पर्यटक म्हणतात. बाणस्तारीच्या पुलावर किंवा पर्वरीच्या कोंडीत संध्याकाळी सहाला उभ्या असलेल्या मेकॅनिकला विचारा तो किती छोटा आहे. आम्ही वार वाटले. मंगळवार-गुरुवार मडगावची बाजू, बोरी पुलावरून. बुधवारी पणजी आणि बार्देश. बाकी दिवस फोंडा, माशेल, डिचोलीपर्यंत. शुक्रवारी म्हापशाला जायचं नाही, त्या दिवशी बाजार असतो आणि व्हॅन लावायला जागा मिळत नाही.

अपवाद एकच: मासळीवाल्याचा आणि बारवाल्याचा डीप फ्रीझर. तो बंद पडला तर वार बघायचा नाही. आत माल असतो, तो माणूस रडकुंडीला आलेला असतो, आणि काम झालं की तिथल्या तिथे रोख देतो. ‘तातडीचं’ असं खरोखर म्हणावं असं आमच्या धंद्यात एवढंच.

निघण्याआधी फोन करायचा, हे लिहायला नको. तरी लिहितो, कारण आम्ही करत नव्हतो.

वसुलीच्या फेऱ्या

नऊ फेऱ्यांतल्या सात दोन हॉटेलांच्या होत्या. नावं सांगत नाही. ‘मॅनेजर रजेवर आहे’, ‘चेक सही व्हायचाय’, ‘पुढच्या सोमवारी या’.

यावर दोन गोष्टी केल्या. एक, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल बनवला किंवा सेवा दिली, तर खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे आधीपासूनच होतं, पण हॉटेलं घाबरायला लागली ती आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. तेव्हापासून अशी बिलं मुदतीत दिली नाहीत तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. नुसता खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा फायदा मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा. आमचं काम सेवेचं, म्हणून आम्ही त्यात बसलो.

मी कुणावर तक्रार केली नाही. बिलावर उद्यम नंबर आणि ‘देय दिनांक’ छापला आणि बिल मॅनेजरऐवजी त्यांच्या अकाउंटंटला पाठवायला लागलो. मार्चमध्ये एका हॉटेलच्या अकाउंटंटचाच फोन आला, उरलेलं किती आहे ते कळवा म्हणून. दुसऱ्या हॉटेलचं काम सोडलं. ते बरंच झालं.

दोन, वार्षिक करार बदलले. आधी आमच्या करारात ‘तक्रार आली की यायचं’ असं होतं, किती वेळा ते नव्हतं. एका गेस्ट हाऊसने वर्षात एकोणीस वेळा बोलावलं होतं, बहुतेक वेळा रिमोटची बॅटरी संपली म्हणून. आता वर्षाला तीन सर्व्हिसिंग आणि दोन तक्रारी. पुढच्या प्रत्येकीचे वेगळे पैसे. बॅटऱ्या त्यांनी स्वतः आणून ठेवल्या.

कागदपत्रांचा वेळ फारसा वाचला नाही, म्हणून त्यावर थोडंच. सेवेसाठी ५० लाखांपर्यंत जीएसटीची कंपोझिशन योजना आहे, सहा टक्के भरायचे, तीन महिन्यांनी एकदा हिशोब. आम्ही ती घेतली नाही, कारण मग ग्राहकाला कर लावता येत नाही आणि हॉटेलला त्याचं क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) मिळत नाही. हॉटेलं नाक मुरडतात. तुमचे ग्राहक फक्त घरगुती असतील तर सीएला जरूर विचारा.

जे कापायला नको होतं

उत्साहाच्या भरात मी एक चूक केली. काम झाल्यावर एसी वीस मिनिटं चालू ठेवून बसायचं, थर्मामीटरने आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक मोजायचा, आठ-बारा अंश आला की निघायचं, अशी आमची जुनी पद्धत. त्या वीस मिनिटांचं बिल होत नाही. मी म्हटलं, हा वेळ वाया जातोय, बंद करा.

पंधरा दिवसांत वहीच्या शेवटच्या रकान्यात ‘हो’ वाढायला लागले. ड्रेन पाइप नीट उतारावर नव्हता, एका ठिकाणी नट ढिला राहिला होता, एकीकडे पोराने आतल्या युनिटचं झाकणच नीट बसवलं नव्हतं. वीस मिनिटांत हे सगळं दिसलं असतं. पद्धत परत सुरू केली, आणि पोरांपुढे कबूल केलं की चूक माझी.

तेव्हापासून एखादं काम बंद करायचं म्हटलं की बायको विचारते, “हे थांबवलं तर शेवटचा रकाना वाढेल का?” वाढणार असेल तर ते काम बिनपैशाचं असलं तरी ठेवायचं. दुपारी दुकानात जुन्या ग्राहकांबरोबर होणाऱ्या गप्पाही मी बंद करणार होतो. ठेवल्या. नव्या फ्लॅटचं काम कुणाकडे निघालंय ते तिथेच कळतं.

मायक्रोवेव्ह, गीझर आणि टीव्ही भिंतीला लावणं मात्र कायमचं बंद केलं. एका शेजारच्या पोराने नुकतंच दुकान टाकलंय, त्याचा नंबर देतो. तो आम्हाला एसीची गिऱ्हाइकं पाठवतो.

पुढच्या मेमध्ये

तेच चौदा दिवस पुन्हा मोजले. फेऱ्या ९१, बिल झालेली कामं ६८. माणसं तेवढीच. दुसऱ्यांदा गेलेल्या फेऱ्या बारा राहिल्या, त्यातल्या पाच पार्टच्या. संध्याकाळी साडेसातला दुकानाचं शटर खाली यायला लागलं, तेव्हा समोरच्या टेलरने विचारलं, धंदा बसला की काय?

पुन्हा सुरू झालं तर

हे दुखणं जात नाही, दबून राहतं. आमचं ते दोन वेळा परत आलं. एकदा नवा पोरगा ठेवला तेव्हा. त्याला पिशवी रात्री भरायची सवय नव्हती आणि मी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा चवथीच्या आधी. सगळ्यांना गणपती यायच्या आत एसी हवा होता, आणि मी सगळ्यांना हो म्हटलं. पोरं तर चवथीला दोन-तीन दिवस आधीच घरी जाणार, त्यांना कोण थांबवणार? अर्धी कामं लोंबकळली आणि ती उरकण्यात सप्टेंबर गेला. आता चवथीच्या दहा दिवस आधी नवीन काम घेणं बंद, डीप फ्रीझर सोडून. फोनवर बायको सरळ सांगते, गणपतीचं विसर्जन झाल्यावर बघू.

वही रोज लिहीत नाही. मार्चचा पहिला आठवडा आणि चवथीनंतरचा पहिला आठवडा, एवढंच. दुसऱ्या फेऱ्या दर दहात दोनाच्या वर गेल्या तर आधी पिशव्या उघडून बघतो, मग फोनवर फोटो मागवला जातोय का ते, आणि मग गॅसची बिलं. आतापर्यंत चौथं काही शोधावं लागलेलं नाही.

तुम्ही एकटेच काम करत असाल, फोन घ्यायला कुणी नसेल, तर वरचे प्रश्न व्हॉट्सअॅपवर एकदाच लिहून ठेवा आणि फोन आला की तेच पाठवा. उत्तर आणि फोटो येईपर्यंत पत्ता विचारू नका. पत्ता कळला की आपला पाय स्कूटरकडे वळतो.